आयटीआय की तीन महिन्यांचा कोर्स?

घरची ओढाताण असलेल्या दहावी पास मुलामुलींपुढे सांगली जिल्ह्यात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो.

छोट्या कोर्सचं बळ वेगात आहे. जतमधल्या ऊसतोड करणाऱ्या घराला दोन वर्षं कळ काढणं अवघडच. शिवाय चांगल्या प्रशिक्षण केंद्रात नोकरीच्या मुलाखतीचा सराव घेतात. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली मुलगी तिथे बोलायला लागते, आणि हे मी फार मोठं मानते.

पण हाताला वळण लागायला वेळ लागतो. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन. तोच जॉब, म्हणजे सरावाचा धातूचा तुकडा, पुन्हा पुन्हा घासायचा, मापात बसला नाही की परत. त्यातून येणारा आत्मविश्वास नुसत्या भाषणांनी येत नाही. पुढे शिकाऊ उमेदवारीही करता येते, विद्यावेतनासह. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत विचारायला जाताना हे ठाऊक असू द्या, म्हणजे उपकार मागतोय असं वाटणार नाही.

माझं मत आयटीआयकडे झुकतं. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, तसं सकाळी काम आणि नंतर वर्ग जमत असेल तर नक्कीच. नाहीच जमलं तर छोटा कोर्स घ्या, पण आधीच्या तुकडीतली मुलं आज कुठे कामाला आहेत, हे त्यांनाच भेटून विचारा.