लेकीचा शनिवारचा वायरिंगचा वर्ग: ५ पैकी ३.५

मी २२ वर्षं इलेक्ट्रिकची कंत्राटं घेतोय. त्यामुळे लेकीच्या शाळेत नववीसाठी वायरिंग आणि घरगुती दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू झाला तेव्हा नाक मुरडलं. असले वर्ग म्हणजे थर्मोकोलवर दोन बल्ब, पाहुण्यांच्या हस्ते एक बटण आणि टाळ्या. या वर्गाबाबत माझा अंदाज चुकला.

पहिले सहा शनिवार सगळं काम २४ व्होल्टवर. शॉकची भीती नाही, पण शॉर्ट केलं की फ्यूज उडतो, आणि ज्याने उडवला त्यानेच तो बदलायचा. वायर सोलणं, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबणं, मग जिन्याच्या दिव्याची टू-वे जोडणी. त्यानंतर मेन सप्लाय, तोही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) आणि सर शेजारी उभे असताना. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) वायर वाचवतो आणि आरसीसीबी माणूस, हे पोरीने घरी आजीला समजावलं. माझ्याकडच्या दोन हेल्परना अजून जमलेलं नाही.

खरी मजा फॉल्ट बोर्डाची. सर बोर्डामागे गुपचूप एक बिघाड करून ठेवतात. एकदा त्यांनी मागचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सोडवला आणि दिव्याचं बटण चालूच ठेवलं. दिवा लागत नाही, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय. अर्धा वर्ग ओरडला, "दोन फेज आले!" माझ्याकडे काम मागायला येणारे सर्टिफिकेटवालेही हेच म्हणतात आणि पक्कड घेऊन धावतात. लेकीच्या गटाने आधी दिव्याचं बटण बंद केलं. एका भोकातला उजेड गेला! म्हणजे फेज, करंट आणणारी तार, दिव्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येत होता. तुटलेली जागा मागे शोधायची. ही गोष्ट तिने जेवताना तीनदा सांगितली. मीही तीनदा ऐकली.

आता तक्रारी. पाच मुलांत एक मल्टिमीटर. एक मोजतो, चौघं खांद्यावरून डोकावतात. सुरुवातीला पक्कड मुलांच्या हातात आणि आकृती काढायचं काम मुलींकडे, असा प्रकार चालला होता. मी जाऊन बोललो, मग थांबला. शेवटी मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर फक्त 'अ' श्रेणी. मुलीने काय जोडलं, कोणता फॉल्ट शोधला, याची एक ओळ नाही. त्यापेक्षा तिच्या वहीतलं 'मी उडवलेले फ्यूज' हे पान मला जास्त काही सांगतं (चार आहेत, तारखांसकट).

मोठी उणीव मात्र साइटची. जर्मनीत शाळा संपवून शिकाऊ झालेली पोरं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम करतात आणि एक-दोन दिवस वर्गात बसतात. नववीच्या मुलांना कामाला जुंपा असं कोणी म्हणत नाही, पण सहा महिन्यांत एकदा तरी चालू काम बघायला न्यायचं होतं. भिंतीत झिरी कशी मारतात, मालाची यादी कशी करतात, घरमालक "हे स्वस्तात नाही का होणार?" म्हणाला तर काय उत्तर द्यायचं, हे बोर्डावर शिकता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या आकड्यानुसार जगात तरुणांमधली बेकारी १३ टक्के होती. त्यातलाच एखादा माझ्या दारात येतो तेव्हा त्याला ओहमचा नियम येत असतो. तीन खोल्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर किती आणि अडीचची किती लागेल विचारलं की गप्प होतो. म्हणजे तो कामाविना आणि मी माणसाविना.

तरीही दहावीला दुसरा टप्पा निघाला तर पोरीला पाठवणार. पुढच्या बॅचसाठी माझे दोन जुने मीटर देतोय. त्यातल्या एकाचा कंटिन्युइटीचा (तार सलग असली की वाजणारा) आवाज बंद पडलाय. सरांना म्हटलंय, तुम्ही दुरुस्त करू नका, तो पहिल्या शनिवारी पोरांसमोर तसाच ठेवा.