पहिले पंधरा हजार डेनार: कॅराव्हॅन काढावी की स्वतःच माल फिरवावा?

‘माउंट अँड ब्लेड 2: बॅनरलॉर्ड’ या व्हिडिओ गेममध्ये गाठीला पंधरा हजार डेनार (तिथलं चलन) जमले की खेळाला वेगळं वळण लागतं. तोवर लुटारूंच्या मागे धावायचं, टुर्नामेंट जिंकायच्या आणि हाती लागेल ते विकायचं, एवढंच चाललेलं असतं. आता मात्र ठरवावं लागतं: हे पैसे कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे आपल्या वतीने फिरणाऱ्या व्यापारी तांड्यात घालायचे, की तेच भांडवल घेऊन स्वतः शहरोशहरी माल फिरवायचा? वर्कशॉप, म्हणजे शहरातला आपल्या मालकीचा कारखाना, हा तिसरा पर्याय आहेच, त्याबद्दल पुढे थोडक्यात लिहितो. स्मिदिंग मुद्दाम बाजूला ठेवलंय. भट्टीवर शस्त्रं घडवून विकली तर व्यापारापेक्षा जास्त पैसा सुटतो हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण ज्याला कॅलरेडियात, म्हणजे या खेळाच्या दुनियेत, व्यापारीच व्हायचंय, त्याच्या ते काय कामाचं?

कॅराव्हॅनची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. कोथरूडला राहणारा माझा एक मित्र तिच्याशिवाय खेळतच नाही. हिंजवडीहून सुटून चांदणी चौक ओलांडून घरी पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. जेवण झाल्यावर जेमतेम तासभर त्याच्या हाती लागतो. त्या तासात त्याला लढाया करायच्या असतात, किल्ल्याला वेढा घालायचा असतो. लोकरीचा भाव कुठे चढलाय हे बघत बसायला त्याला सवड नाही. एकदा एखाद्या शहरातल्या व्यापाऱ्याशी बोलून पैसे मोजले, एक कम्पॅनियन (आपल्या तुकडीत घेतलेलं खास पात्र) म्होरक्या म्हणून नेमला, की कॅराव्हॅन आपली आपण फिरते आणि नफ्यातला वाटा खात्यात जमा होत राहतो. त्याच्यासारखं खेळणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

माझं मन तिच्यावरून उडालं ते त्या कम्पॅनियनपायी.

सुरुवातीला कुळाचा दर्जा खालचा असतो आणि कम्पॅनियन मोजकेच ठेवता येतात. त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कामाचा असतो. एक जखमी शिपायांना वाचवतो, एक वाटाड्या म्हणून पुढचं बघतो, एक रसदीचा हिशोब सांभाळतो आणि त्याच्यामुळे तुकडीत माणसं जास्त मावतात. कॅराव्हॅन काढली की यांतला एक गेला. तो गेल्याची किंमत पंधरा हजारांत कुठे धरलेलीच नसते. पुढच्या लढाईत जखमी होण्याऐवजी माणसं मरायला लागतात, तेव्हा ती कळते.

हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण युद्ध पेटतं. तुम्ही एखाद्या राज्याचे चाकर असाल तर युद्ध कधी पेटणार हे तुमच्या हातात नसतं. आणि ज्या मुलखात आपली कॅराव्हॅन निवांत फिरत असते, तो एका रात्रीत शत्रूचा मुलूख होतो. कॅराव्हॅन कुठे जाते यावर आपला काडीचा ताबा नाही. अमुक वाट टाळ, अमुक शहरात थांब, असं तिला सांगता येत नाही. आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि कोपऱ्यात एक ओळ झळकते: कॅराव्हॅन लुटली गेली, म्होरक्या कैदेत. भांडवल बुडालं. माणूस सुटेपर्यंत वाट बघा, आणि सुटल्यावर आपल्यापर्यंत येईपर्यंत परत वाट बघा. नफ्याचे दिवस एकामागून एक जातात तेव्हा त्यांच्याकडे लक्षही जात नाही. ही एक ओळ मात्र सगळ्या हिशोबावर बोळा फिरवते. पैशाचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते याचं, की धोका दिसत असूनही तो टाळायला मला काहीही करता येत नाही.

स्वतः माल फिरवताना नेमकं हेच आपल्या हातात असतं. वाट धोक्याची वाटली तर वळायचं. दोन राज्यांची जुंपली तर तिसरीकडे जायचं. शहराला वेढा पडून गेला, कोठारं रिकामी झाली, की धान्याचा भाव चढतो. तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतून धान्य भरायचं आणि तिथे नेऊन विकायचं. खेड्यात जे पिकतं किंवा निघतं ते तिथेच स्वस्त मिळतं. त्यामुळे सरळ शहर ते शहर जाण्यापेक्षा वाटेतली खेडी धरत गेलेलं बरं, असा माझा अनुभव आहे.

नव्याने खेळणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. विकलेल्या प्रत्येक नगागणिक भाव उतरतो. आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आवक वाढली की भाव पडतो, तसंच हे आहे. म्हणून सगळा माल एका शहरात ओतायचा नाही. भाव आपल्या सरासरी खरेदी किमतीच्या जवळ यायला लागला की हात आखडायचा आणि उरलेला माल पुढच्या शहरासाठी ठेवायचा. शिवाय शहराच्या बाजारातही रोकड मर्यादितच असते. ती संपली तर विक्रीच्या बदल्यात तिथला स्वस्त माल उचलायचा. पुढच्या मुक्कामाची खरेदी तिथेच उरकते.

वजनाचं गणितही इथे मजेशीर आहे. दागिने, मखमल किमतीच्या मानाने हलकी. पण बाजारात थोडीच असतात, चार नग उचलले की भाव वर जातो. लाकूड, माती, धान्य हवं तेवढं मिळतं, पण पाठीवर बोजा. बोजा मर्यादेबाहेर गेला की तुकडी रखडते आणि लुटारू गाठतात. खेचरं घेतली की वाहण्याची ताकद वाढते, मात्र माणसांच्या मानाने जनावरं फार झाली की कळप हाकण्यातच वेग जातो. याच्यावर मला सापडलेला उतारा म्हणजे जादाचे घोडे. पायदळातल्या माणसांना ते आपोआप वापरायला मिळतात, तुकडीचा वेग वाढतो, आणि घोडा हा स्वतःच विकायचा माल आहे. असेराई आणि खुझैत या राज्यांच्या मुलखात घोडे घ्यायचे, चालवत न्यायचे आणि दूरच्या शहरात भाव मिळेल तिथे दोन-दोन करून काढायचे. परतताना उत्तरेकडच्या स्टर्जिया राज्यातली फर घेऊन दक्षिणेला उतरायचं. माझा सगळ्यात जास्त पैसा या फेरीवर झाला. तुमच्या खेळात युद्धं वेगळी पडतील, त्यामुळे भावही थोडे वेगळे निघतील.

आणखी एक फायदा आकड्यात मोजता येत नाही. ट्रेडचं कौशल्य वाढतं ते स्वतः घेतलेला माल नफ्यात विकल्यावर. लढाईत मिळालेली लूट कितीही विका, त्यावर काही मिळत नाही. सुरुवातीचाच एक पर्क (कौशल्य वाढलं की निवडता येणारी खास सवलत) घेतला की कुठला माल नफ्यात जाईल हे किमतीच्या रंगावरून दिसायला लागतं. आणि ज्याला खूप लांबचा पल्ला गाठायचाय त्याच्यासाठी कौशल्य 300 वर पोहोचलं की तो शेवटचा पर्क आहे, ज्यात वाटाघाटीत चक्क शहरं आणि किल्ले विकत घेता येतात. तलवार न उपसता किल्ला आपल्या नावावर होतो, यासारखं समाधान या खेळात मला दुसरं मिळालेलं नाही.

वर्कशॉपबद्दल फार लिहीत नाही. त्याला माणूस लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. शहराला जोडलेल्या खेड्यांत काय निघतं ते बघून धंदा निवडायचा: चिकणमाती असेल तर कुंभारकाम, द्राक्षं असतील तर वाइन, धान्य भरपूर असेल तर बिअर. शहर सीमेपासून आतलं हवं. खेडी जाळली गेली की कच्चा माल महागतो आणि मिळकत आटते. नफा कॅराव्हॅनपेक्षा सहसा कमी वाटतो, पण माल फिरवताना जोडीला असायला हरकत नाही. हाती आलेल्या दुसऱ्या मोठ्या रकमेचं मी वर्कशॉपच घेईन.

कॅराव्हॅन नकोच, असंही नाही. कुळाचा दर्जा वाढला, कम्पॅनियनची जागा मोकळी झाली, की ‘स्पाइसव्हेंडर’ अशी उपाधी असलेला कुणी एखाद्या शहराच्या गुत्त्यात भेटतोय का ते बघावं. असा माणूस लढाईत फारसा उपयोगी नसतो, त्यामुळे तो बाहेर राहिल्याने तुकडीचं काही अडत नाही. तुमचं पात्र असेराई संस्कृतीचं असेल तर कॅराव्हॅन 30 टक्के स्वस्तात निघते, हेही लक्षात असू द्या. फक्त ती काढायची ती कुठल्याही राजाची चाकरी पत्करण्याआधी, म्हणजे सुरुवातीचे बरेच दिवस तिच्या वाटेत युद्ध येत नाही.