तापीवरची ‘दिवसभराची कपल क्रूझ’: पैसे नेमके कुठे जातात

जाहिरात अशी होती: ‘चांगदेव संगम ते दक्षिण काशी प्रकाशा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६. दोघांसाठी स्वतंत्र बोट, भरीत-पुरीचं जेवण. फक्त २,४९९ रुपये.’ फोटो केरळच्या हाउसबोटीचा, मागे नारळाची रांग. तापीकाठी केळीच्या बागा हव्या तेवढ्या दिसतील, नारळाची रांग नाही.

जळगावच्या एका जोडप्याने डिसेंबरात ही सहल ठरवली. निम्मे पैसे आगाऊ भरले, वर २,००० रुपये ‘परत मिळणारं’ डिपॉझिट. आदल्या रात्री फोन आला: ‘भाऊ, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, उद्या बोट बंद. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, रिफंड लगेच जमा होईल.’ पिन टाकताच खात्यातून आणखी ४,९९९ रुपये गेले आणि नंबर बंद झाला.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पिनच्या आधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं. इथे सहल कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव होतं, पण घाईत ते कोण वाचतो? हतनूरचे ४१ दरवाजेही पावसाळ्यात उघडतात. ऐन थंडीत उघडले असते तर जळगावभर बातमी झाली असती.

खरं तर नदीची थोडी माहिती असती तर ही जाहिरात पहिल्याच ओळीत पकडता आली असती. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, ते हतनूरचं बॅकवॉटर आहे. तिथून प्रकाशापर्यंत हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा असे अडथळे एकामागून एक येतात. यातल्या कुठल्याही बंधाऱ्यातून बोट पलीकडे उतरवायची सोय नाही. मधल्या पट्ट्यात उन्हाळ्याकडे वाळू उघडी पडते आणि उपशाचे खड्डे राहतात. शिवाय अंतर सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरांहून जास्त आहे. लहान इंजिनाची भरलेली फायबर बोट तासाला दहा-बारा किलोमीटर जाते.

दराचाही हिशेब करून बघा. दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण चार लिटर पेट्रोल पितं. सहा तास चाललं तर २४ लिटर, म्हणजे नुसत्या इंधनाचेच सुमारे अडीच हजार. मग नावाडी, जेवण आणि बोटीचं भाडं कशातून निघणार? खरी सहल एकाच जलाशयात, अर्ध्या-एक तासाच्या फेरीची असते. बुक करताना एवढंच विचारा: ‘कुठल्या घाटावरून निघणार, आणि वाटेत बंधारा कुठला?’ ठगाला याचं उत्तर देता येत नाही.

दुसरा प्रकार काठावर होतो. तिथे बोट खरी असते, पण ‘पानी कमी शे भाऊ’ म्हणत फेरी वीस मिनिटांत आटोपतात आणि लाइफ जॅकेट, पेट्रोल, फोटो यांचे वेगळे पैसे मागतात. कधी पंख्यात जलपर्णी किंवा मासेमारीचं जाळं अडकतं आणि इंजिन मध्येच बंद पडतं. असं खरंच घडतं, म्हणून बोटीत वल्ही आहेत का ते निघण्याआधी बघा. एकूण रक्कम, फेरीचा वेळ आणि ‘जॅकेट-पेट्रोलसह’ हे शब्द मेसेजवर लिहून घ्या. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका, आणि डिपॉझिट तर मुळीच नको. यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. तो मागा, त्यावरचा क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी जुळवा. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढा. ते कानापर्यंत आलं तर तुमच्या मापाचं नाही. आतला फोम दाबल्यावर दबलेलाच राहिला तर ते जॅकेट घालू नका.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्या व्यक्तीशी भांडायला नंतर वेळ आहे. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. व्यवहार क्रमांक, क्यूआरचा फोटो आणि चॅट पुसू नका. बँकेलाही त्याच वेळी कळवा. काठावरच्या प्रकारात समोरच्याचं नाव-पत्ता माहीत असतो, तिथे १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन उपयोगी पडते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.