माल ताजा, पण ओंडका बघून घ्या

रविवारी तांबडा-पांढरा करायचा म्हणून मंगळवार पेठेतल्या एका चिकन सेंटरला गेलतो, नाव नको घ्यायला. रेट ठीक, डोळ्यादेखत कापून देत्यात, पण लाकडी ओंडक्याला सकाळपास्नं पाणी लागलेलं दिसंना आणि पोरगं आतडी काढलेल्या हातानंच पीस करतंय, त्याच हातानं सुट्टे परत. आता सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असले जंतू कोंबडीच्या आतड्यातच ऱ्हात्यात, पक्षी दिसायला एकदम ठणठणीत, त्यामुळं ताजी हाय म्हणून काय उपयोग नाही, आतडं फुटलं की सगळं मांसाला लागतंय.

मालकाला बोललो तर म्हणतोय, पावणं, कोल्हापुरात कोण आजारी पडलंय काय!

घरी आईनं नेहमीसारखं नळाखाली धरलं, मी थांबवलं, कारण धुऊन जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. फ्रीजमधी पण मरत नाहीत. आतपर्यंत 74 अंश तापलं की मरत्यात, म्हणजे रटरटलेल्या रश्श्याला भ्यायचं कारण नाही, खरी भानगड त्याच सुरीनं चिरलेल्या कच्च्या कांद्या-लिंबाची.

पाचात दोन स्टार, ते पण ताज्या मालाला. पांढरा मात्र लई भारी झालता.