उजवा शिफ्टर मेला: रोजच्या रोड बाइकला आता काय बसवावं?

डिसेंबरातली सकाळ, पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ, आणि मी उजव्या हाताची लिव्हर आत ढकलतोय. टक् नाही, बोटाला काही अडकल्यासारखं नाही. बिजागरीतून सुटलेल्या दारासारखी लिव्हर नुसती आत-बाहेर. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर. उरलेला चढ सायकल हातात धरून चढलो.

संध्याकाळी दुकानात एका वाक्यात निकाल लागला: "शिफ्टर गेला, जोडी बदलावी लागेल." शिफ्टर म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची लिव्हर आणि तिची यंत्रणा, जोडी म्हणजे उजवा आणि डावा. त्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. शिफ्टर गेला नव्हता, आणि पुढे खरोखर गेला तेव्हा जोडी बदलायची गरज नव्हती.

म्हणून पर्यायांची तुलना करण्याआधी एक काम सांगतो, ते झाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. शिफ्टरच्या आत दातेरी चकतीला अडकणारा एक छोटासा खटका असतो. कारखान्यात भरलेलं ग्रीस चार-पाच वर्षांत वाळून मेणासारखं होतं आणि खटका त्यात रुतून बसतो. लिव्हर रिकामी फिरते ती बहुतेक वेळा यामुळे, आणि थंडीत ग्रीस आणखी घट्ट होत असल्याने हा त्रास डिसेंबर-जानेवारीतच जास्त. रबरी हूड, म्हणजे शिफ्टरवरचं हात टेकायचं कव्हर, मागे सोला, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, डब्ल्यूडी-४० ची नळी यंत्रणेच्या फटीत घालून भरपूर मारा आणि लिव्हर पन्नास-साठ वेळा दाबत राहा. तपकिरी पाणी गळायला लागेल. रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत एकदा, आणि शेवटी पातळ तेलाचे चार थेंब. माझा शिफ्टर यावर पुढचं दीड वर्ष चालला.

केबलही बघा. शिफ्टरच्या तोंडाशी ती वळते आणि तिथेच तिच्या तारा एकेक करून तुटतात. गिअर अडखळत पडायला लागले आणि बोटाला तार टोचली तर दोष शिफ्टरचा नाही. तुटलेलं टोक आत अडकायच्या आत केबल बदला, हा सगळ्यात स्वस्त पर्याय.

हे दोन्ही करून लिव्हर मेलेलीच असेल, तर पुढे वाचा.

मागे किती चकत्या?

ब्रँड नंतर. आधी मागच्या चकत्या मोजा. शिमानोच्या आठ गिअरच्या शिफ्टरमध्ये एका क्लिकला केबल साधारण २.८ मिलिमीटर ओढली जाते, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ती हालचाल १.७ पट करतो, आणि चेन जवळजवळ ४.८ मिलिमीटर सरकते. आठच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचात, दोन चकत्यांतलं अंतर तेवढंच असतं. नऊच्या शिफ्टरमध्ये क्लिक सुमारे २.५ चा, दहाच्यात २.३ चा. म्हणजे नऊचा शिफ्टर आठच्या कॅसेटवर लावला की पहिल्या दोन-तीन चकत्या जमल्यासारख्या वाटतात आणि मग चेन दोन चकत्यांच्या मध्ये खरखरत बसते. सात आणि आठ मात्र इतके जवळ आहेत की सातच्या कॅसेटवर आठचा शिफ्टर कामचलाऊ चालतो, एक क्लिक उरतो एवढंच. सातचे शिफ्टर शोधून दमलेल्यांना ही पळवाट उपयोगी.

पुढच्या चेनरिंग (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकत्या) दोन की तीन, तेही बघा. डावा शिफ्टर त्यानुसार वेगळा येतो. आणि दुकानात "उजवा" म्हणताना अर्थ मागच्या गिअरचा. उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे की मागचा, याच्याशी त्याचा संबंध नाही.

इथून पुढे मी आठ गिअरची, रिम ब्रेकची (चाकाच्या कडेवर घासणारा), ड्रॉप बारची (खाली वळलेलं हँडल) सायकल धरून लिहितोय. रोज वापरल्या जाणाऱ्या स्वस्त रोड बाइक बऱ्याचशा याच गटातल्या. किमती सारख्या हलतात, म्हणून आकडे देत नाही, महाग-स्वस्त तेवढं सांगतो.

क्लॅरिस की मायक्रोशिफ्ट?

खरी लढत या दोघांत आहे. शिमानो क्लॅरिस आर२००० म्हणजे बहुतेकांच्या सायकलवर आधीपासून असलेलीच वस्तू. ब्रेकची लिव्हर आत ढकलली की गिअर हलका, तिच्यामागची छोटी लिव्हर ढकलली की जड. ब्रेकची आणि गिअरची, दोन्ही केबल बारटेपच्या, म्हणजे हँडलला गुंडाळलेल्या पट्टीच्या, खालून जातात. जुन्या क्लॅरिस २४०० मध्ये गिअरची केबल हूडच्या बाजूने बाहेर निघायची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. २४०० काढून आर२००० बसवणार असाल तर नवे आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) आणि नवी बारटेप हिशेबात धरा, आणि पुढचा डिरेलर नव्या डाव्या शिफ्टरशी जुळतो का ते शिमानोच्या तक्त्यात बघूनच पैसे द्या. तिथे फसलेले लोक मला भेटलेत.

मायक्रोशिफ्ट ही तैवानची कंपनी. तिचा आर८ शिमानोच्या आठ गिअरच्या मापावरच चालतो, मागचा डिरेलर बदलावा लागत नाही आणि पैसे क्लॅरिसपेक्षा कमी पडतात. फरक हाताला कळतो. ब्रेकची लिव्हर फक्त ब्रेक लावते, बाजूला हलतच नाही, आणि तिच्यामागे गिअरच्या दोन वेगळ्या लिव्हर असतात. ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांना हे आवडतं, कारण अख्खी ब्रेक लिव्हर ढकलावी लागत नाही. मी मित्राची सायकल आठवडाभर चालवली. पहिले दोन दिवस सिग्नलला गिअर हलका करायचा म्हणून ब्रेक लिव्हर ढकलत होतो आणि काहीच होत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून बोटं शिकली. आवाज क्लॅरिसपेक्षा मोठा आणि क्लिक जरा कडक. मला तो कडकपणा आवडला, घरात ज्यांनी ती सायकल चालवून बघितली त्यांना नाही. पावसाळी जाड हातमोजे घातले की दोन्ही लिव्हर एकदम दाबल्या जातात, ही तक्रार मात्र खरी.

आता माझा मुद्दा. रोजच्या वापरात उजवा शिफ्टर डाव्याच्या कितीतरी पट जास्त राबतो. शहरात पुढची चेनरिंग आपण दिवसातून दोनदा बदलतो, मागचे गिअर दर सिग्नलला. म्हणून उजवा मरतो आणि डावा नव्यासारखा राहतो. शिफ्टर सुटे मिळतात. दुकानदार जोडीच म्हणाला तर दुसरं दुकान बघा. फक्त उजवा क्लॅरिस घेतला तर तो मायक्रोशिफ्टच्या जोडीपेक्षा स्वस्त पडायची शक्यता चांगली, आणि दोन्ही हातांना एकच आकार. उजवा मायक्रोशिफ्ट आणि डावा क्लॅरिस अशी मिसळ यंत्र म्हणून चालते, पण दोन हूडची उंची आणि जाडी वेगळी. तासाभराच्या प्रवासात तळहाताला ते सतत जाणवतं, पायात दोन वेगळ्या चपला असल्यासारखं.

म्हणजे एकच मेला असेल तर होता तोच. दोन्ही मेले असतील तर मी मायक्रोशिफ्ट घेईन.

सेन्सा आणि एल-ट्वू

या चिनी कंपन्यांचे शिफ्टर सगळ्यात स्वस्त. सेन्सामध्ये एकाच लिव्हरवर दोन्ही कामं: थोडं ढकललं तर गिअर जड, लांब ढकललं तर हलका. सपाट रस्त्यावर मजा येते. चढावर घोटाळा असा की या पद्धतीत आधीच सगळ्यात हलक्या गिअरवर असताना अजून एक मिळेल या आशेने लिव्हर ढकलली, तर गिअर उलटा जड होऊ शकतो. पाय भरून आलेले असताना हे नको वाटतं. एल-ट्वूमध्ये किती गिअरचा संच आहे त्यावर मॉडेल ठरतं, तेव्हा आठचाच आहे ना आणि शिमानोशी जुळतो असं स्पष्ट लिहिलंय ना, हे बघून घ्या. खरी अडचण मागवण्याची. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर भारतात बंदी आली, तेव्हापासून हा माल इकडच्या छोट्या विक्रेत्यांकडून घ्यावा लागतो आणि स्वस्ताईचा बराच भाग तिथेच संपतो. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना ही अडचण नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय जास्त खरा. बिघडला तर दुरुस्ती नाही, हे गृहीत धरून घ्या. तसं तर शिमानोच्या शिफ्टरचेही आतले भाग सुटे मिळत नाहीत.

हूडवरून गिअर काढून टाकायचे?

हा पर्याय कुणी सुचवत नाही, म्हणून सांगतो. ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणणारी शिमानोची एसटीआय पद्धत १९९० मध्ये ड्युरा-एसमधून आली. त्याआधी गिअरच्या लिव्हर फ्रेमच्या खालच्या नळीवर असायच्या, आणि लोक त्यावर डोंगर चढायचेच. शिमानोची एसएल-आर४०० ही आठ गिअरची तशीच जोडी. तिच्या आत बिघडण्यासारखं फारच थोडं. डिरेलर वाकडा झाला आणि क्लिक जुळेना, तर उजवी लिव्हर क्लिकशिवायच्या पद्धतीवर फिरवून अंदाजाने गिअर टाकत घरी येता येतं. पण फ्रेमवर त्यासाठीचे खुंट लागतात. जुन्या स्टीलच्या सायकलींना ते असतात, आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक फ्रेमना नसतात. शिवाय पुण्याच्या गर्दीत प्रत्येक गिअरला हात बारवरून काढून गुडघ्यापाशी न्यायचा, हे मला पटत नाही.

बार-एंड शिफ्टर पटतात. ड्रॉप बारच्या टोकात बसतात, मायक्रोशिफ्टचे आठ गिअरचेही येतात. पुढच्या गिअरला क्लिक नसतो, त्यामुळे चेन घासली की केसभर सरकवून आवाज बंद करता येतो. सोबत ब्रेकच्या वेगळ्या लिव्हर घ्याव्या लागतात. टेक्ट्रोची आरएल३४० नेहमीच्या कॅलिपर ब्रेकसाठी. तिच्यासारखीच दिसणारी आरएल५२० व्ही-ब्रेकसाठी असते, ती चुकून घेऊ नका. सगळं मिळून खर्च मायक्रोशिफ्टच्या जोडीच्या आसपास जातो, पण पुढच्या वेळी काहीही बिघडलं तरी तेवढीच एक स्वस्त वस्तू बदलायची. सामान लादून कोकणात उतरणाऱ्यांनी यावर नीट विचार करावा. पार्किंगमध्ये सायकलींच्या गर्दीत मात्र त्या टोकांना धक्के बसतात.

माउंटन बाइकचा अंगठ्याने दाबायचा शिफ्टर ड्रॉप बारवर लावायची शक्कल सगळ्यांनाच सुचते. मागचा आठचा शिफ्टर मापाने जुळतो, पण बारवर चढत नाही: त्याची पकड २२.२ मिलिमीटरची आणि ड्रॉप बार २३.८ चा. सपाट हँडलबारच टाकायचा तर कॅलिपरला जुळणाऱ्या ब्रेक लिव्हर आणि पुढच्या रोड डिरेलरला जुळणारा डावा शिफ्टरही आला. तेवढ्यात बार-एंड येतात.

"एवीतेवी खर्च आहेच तर नऊचा सोरा घेऊ" (सोरा म्हणजे शिमानोचाच नऊ गिअरचा संच) हा मोह मलाही झाला होता. डिरेलर चालून जातो, पण कॅसेट नवी, चेन नवी, शिफ्टर दोन. मागे कॅसेट सरकवून बसवायच्या फ्रीहबऐवजी आट्याने चढणारा फ्रीव्हील निघाला तर चाकापर्यंत खर्च पोचतो. मिळतो काय, एक गिअर.

मी शेवटी उजवा क्लॅरिस घेतला, सोबत १.२ मिलिमीटरची गिअर केबल आणि नवे आउटर. आउटर गिअरचाच मागा, ब्रेकचा वेगळा असतो आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बसवून झाल्यावर हौसेने लगेच बारटेप गुंडाळली. कोपऱ्यापर्यंत गेलो तर शिफ्टर दोन बोटं खाली बसलेला. टेप सोडवताना खालचा गोंद उखडला, नवी टेप वाया. तुम्ही आधी इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारून केबल बारला धरा, ऑफिसची एक फेरी करून या, आणि मगच वरची टेप.