केबलवाल्याचं फायबर: लाईन झकास, राऊटर भंगार

आमच्या एरियातल्या केबलवाल्याने टीव्हीचा धंदा बसायला लागल्यावर फायबर टाकलं, त्याचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन वापरतोय, नाव घेत नाही कारण मालक रोज टपरीवर भेटतात. लाईन खरंच चांगलीये. अपलोड पण १०० मिळतं, जुन्या फोनच्या वायरवर अपलोड एवढंसं यायचं आणि मीटिंगमध्ये आपला आवाज रोबोटसारखा जायचा, ती कटकट गेली.

लोकं शिव्या घालतात ते वेगळ्याच गोष्टीला, १०० चा प्लॅन आणि डाऊनलोडला १२ च दिसतंय म्हणून. अहो बरोबरच आहे ते, प्लॅन मेगाबिटमध्ये आणि फाईल मेगाबाईटमध्ये, ८ ने भागा की साडेबारा, यात कोणी काही ढापलेलं नाही.

ढापलंय ते राऊटरमध्ये. फुकट दिलेला डबा सिंगल बँड, म्हणजे नुसतं २.४ गिगाहर्ट्झ, त्यावर अख्ख्या बिल्डिंगचे वायफाय एकमेकांच्या उरावर, संध्याकाळी मोबाईलवर ३०-४० च्या वर हलत नाही, आणि त्याच डब्यातून लॅपटॉपला लॅन केबल लावली की लगेच ९४. तेव्हा कनेक्शन घेतानाच ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला राऊटर मागा, थोडे जास्त गेले तरी चालतील. ५ गिगाहर्ट्झ पळतं मस्त पण दोन भिंती मध्ये आल्या की दम टाकतं, त्यामुळे राऊटर हॉलमध्ये उघड्यावर ठेवा, चपलांच्या कपाटात कोंबू नका (आमच्या शेजाऱ्यांनी कोंबलाय, दिसायला बरं नाही म्हणून).

सर्व्हिस बरीये. पावसाळ्यात एकदा डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही) लाल दिवा लागला, कॉल सेंटर वगैरे काही नाही, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, संध्याकाळी पोरगा आला. सगळे म्हणत होते पावसाने गेलं. त्याने फायबरमधून येणारा प्रकाश मोजायचा मीटर लावला तर उणे २९ डीबीएम, उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी. म्हणाला, "दादा, उणे २७ च्या पलीकडे गेलं की काय खरं नसतं, वायर कुठंतरी मुडपलीये." निघाली कपाटामागे, रंगवाल्याने कपाट सरकवताना दाबलेली. सरळ केली, उणे २१, हिरवा दिवा.

आता पैसे. तोंडी ५९९ सांगतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, हातात ७०७ चं बिल. अनलिमिटेड म्हणाले तर किती जीबीनंतर स्पीड पाडता ते विचाराच, आणि वर्षाचे एकदम भरू नका, तीन महिन्यांचे भरून बघा, कारण तो मीटरवाला पोरगा सोडून गेला तर पुढचा कसा येईल काय माहीत.