डेस्कटॉपमध्ये काढता-घालता येणारे अडीच इंची ड्राइव्ह: मोबाइल रॅकचं परीक्षण

लॅपटॉपच्या आकाराचा ड्राइव्ह डेस्कटॉपला जोडायला खरं तर वेगळं काहीच लागत नाही. साडेतीन इंची डिस्कला असतो तोच साटाचा, म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायच्या मानकाचा, जोड यालाही असतो: डेटाच्या ७ पिना, पॉवरच्या १५. ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये एकदाच बसवून विसरून जायचं असेल, तर साधा पत्र्याचा ब्रॅकेट आणि चार स्क्रू पुरेत. मोबाइल रॅकवर, म्हणजे ड्राइव्ह बाहेरूनच सरकवून घालता-काढता येणाऱ्या खोक्यावर, पैसे घालवू नका. रॅकची गरज ड्राइव्ह नेमाने काढायचा-घालायचा असेल तेव्हाच लागते. आठवड्याचा बॅकअप घेऊन दुसऱ्या जागी ठेवायचा आहे, टॅलीचा डेटा रात्री तिजोरीत जायला हवा, किंवा लग्नाच्या शूटिंगचा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) थेट एडिटिंगच्या मशीनला लावायचा आहे, अशी ही कामं.

अशा कामात केबलच का हाताळू नये, याचं उत्तर साटाच्या मानकातच आहे. केबलच्या टोकाचा जोड साधारण ५० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो, रॅकच्या मागच्या सर्किटपट्टीवरचा, म्हणजे बॅकप्लेनवरचा, जोड ५०० वेळा. आठवड्याला एकदा ड्राइव्ह बदलला तर वर्षाला ५२ वेळा होतात. म्हणजे केबलचा जोड वर्षभरात आपल्या हिशेबाबाहेर जातो आणि बॅकप्लेन नऊ-साडेनऊ वर्षं चालतं. रॅक म्हणजे मुळात हे बॅकप्लेन. बाकी कुलूप, निळे दिवे आणि चकचकीत दार हे वरचं काम आहे. दुकानात रॅक हातात घेतला की पुढचं तोंड बघण्याआधी तो उलटा करून मागची पट्टी बघावी.

आता कोणता घ्यायचा ते. कॅबिनेटला सव्वापाच इंची खण असेल, म्हणजे पूर्वी डीव्हीडी रायटर बसायचा ती जागा, तर चार ड्राइव्हचा धातूचा रॅक हा आमच्या मते सर्वात शहाणा पर्याय. तैवानच्या क्रेमॅक्स कंपनीच्या आयसी डॉक या ब्रँडचा एमबी९९४एसपी हा या जातीतला ओळखीचा नमुना. त्यात ड्राइव्ह दोनावर दोन असे बसतात, त्यामुळे प्रत्येक खणाला पुरेशी उंची मिळते आणि १५ मिमी जाडीचा ड्राइव्हही जातो. त्याच कंपनीचा एमबी९९८एसपी तेवढ्याच जागेत आठ ड्राइव्ह घेतो, पण फक्त ७ मिमीचे. आठ बघून भुलू नका. अडीच इंची ड्राइव्हची लांबी-रुंदी ठरलेली असते, सुमारे १०० गुणिले ७० मिमी; जाडी मात्र ७, ९.५, १२.५, १५ अशी वेगवेगळी येते. आजचे एसएसडी बहुतेक ७ मिमीचे आहेत. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली डिस्क बहुधा ९.५ मिमीची असते, आणि ४ किंवा ५ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क १५ मिमीची. बॅकअपसाठी मोठी डिस्क घ्यायची असेल तर आठ खणांचा रॅक बाद.

सव्वापाच इंची खण नसेल, आणि हल्लीच्या पुढे काच आणि जाळी असलेल्या बहुतेक कॅबिनेटांना तो नसतोच, तर दोन वाटा उरतात. साडेतीन इंची खण बाहेर उघडत असेल तर त्यात एक किंवा दोन ड्राइव्हचा रॅक बसतो. तोही नसेल तर ग्राफिक्स कार्डाशेजारच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीत बसणारा एका ड्राइव्हचा रॅक मिळतो. स्टारटेकचा असा एक आहे. तो कॅबिनेटच्या पाठीमागे उघडतो, त्यामुळे मशीन भिंतीला टेकलेलं असेल तर दर वेळी ओढून पुढे घ्यावं लागतं. रोजच्या वापराला हे नकोसं होतं. महिन्यातून एकदा काढायचा असेल तर चालेल.

ट्रेवाला (ड्राइव्ह आधी एका चौकटीत स्क्रूने बसवायचा) की बिनट्रेचा, यावर दुकानदार बिनट्रेचा पुढे करतात, कारण तो दाखवायला सोपा. दार उघडा, ड्राइव्ह सरकवा, दार लावा. रोज वेगवेगळे ड्राइव्ह येत असतील, जसं डेटा रिकव्हरीच्या किंवा दुरुस्तीच्या दुकानात, तर बिनट्रेचाच घ्या. ठरलेले तीन-चार ड्राइव्हच फिरणार असतील तर ट्रे उत्तम. ट्रेमुळे ड्राइव्ह दर वेळी त्याच रेषेत आत जातो आणि जोडाच्या प्लास्टिकच्या जिभेवर तिरका दाब येत नाही. ही जीभ तुटली की ड्राइव्ह चांगला असूनही निकामी. बिनट्रेच्या स्वस्त रॅकमध्ये ७ मिमीचा ड्राइव्ह ९.५ च्या खणात खाली-वर हलतो, आणि नेमकी हीच जीभ मोडते. ट्रे घेताना जादाचे ट्रे सुटे मिळतात का ते आधी विचारा. दोन वर्षांनी तो नमुना बंद झाला तर ट्रेविना रॅक अडगळीत जातो.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ स्क्रूंचा होतो. अडीच इंची ड्राइव्हला एम३ जाडीचे, बारीक आट्यांचे स्क्रू लागतात. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते जबरदस्तीने पिळले की ड्राइव्हची आटी कायमची जाते. ट्रेसोबत आलेले चपट्या डोक्याचे स्क्रूच वापरा. गोल डोक्याचा स्क्रू ट्रेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर जरी आला तरी खणाच्या कडेला घासतो, ट्रे शेवटच्या दोन मिलिमीटरला अडतो, आणि माणूस अंगठ्याने रेटतो. स्क्रू लांबही नको. ७ मिमीच्या ड्राइव्हला ३ ते ४ मिमी लांबीचा स्क्रू पुरे.

रॅक खणात सरकवण्याआधी डेटाच्या केबली मागे लावून घ्या. आत गेल्यावर हात पोचत नाही. चार ड्राइव्हच्या रॅकमागे साटाचे जोड एकमेकांना खेटून असतात, तिथे काटकोनी केबल शेजारच्या जोडावर आडवी येते. सरळ टोकाच्या, पत्र्याच्या खटक्याच्या केबली घ्या, आणि होतील तितक्या आखूड. मानकात १ मीटरपर्यंत परवानगी आहे, पण बॅकप्लेनमुळे वाटेत एक जोड जास्तीचा आलेला असतो, म्हणून अर्ध्या मीटरच्या आत राहिलेलं बरं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खणाचा क्रमांक चिकटवा. तिसऱ्या खणातला ड्राइव्ह बिघडला आणि कोणती केबल तिसरी हेच कळेना, ही वेळ येते.

पॉवरची बाब जरा सविस्तर सांगायला हवी, कारण रॅकच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारी मुळात पॉवरच्या असतात. लॅपटॉपचे ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतात. साटाच्या पॉवर प्लगमध्ये ५ व्होल्टच्या तीन पिना आहेत, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या आसपास घेते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की चार अँपिअर, म्हणजे एक प्लग जवळजवळ काठोकाठ. म्हणून रॅकला पॉवरचे दोन प्लग दिले असतील तर दोन्ही लावा, आणि एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) दोन वेगळ्या वायरींवरून आणा. एकाच वायरीला दोन फाटे करणारा वाय जोड लावून दोन्ही भरणं म्हणजे दुसरा प्लग न लावल्यासारखंच.

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरून) साटा करणारा स्वस्त जोड वापरणार असाल तर त्याचं प्लास्टिक नीट बघा. काहींमध्ये वायरी साच्यात ठेवून वर वितळलेलं प्लास्टिक ओतलेलं असतं. आत वायरी सरकून एकमेकींच्या जवळ येऊ शकतात, आणि असे जोड वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं जगभर आहेत. मागच्या बाजूने वायरी वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेल्या दिसतात तो जोड घ्या. पाच-पन्नास रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

मदरबोर्डवर किती साटा पोर्ट मोकळे आहेत, हेही रॅक घेण्याआधी मोजा. कित्येक स्वस्त बोर्डांवर चारच असतात. शिवाय पुष्कळ बोर्डांत एम.२ च्या (बोर्डावरच बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीच्या) एखाद्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. पोर्ट कमी पडले तर जादा पोर्टांचं कार्ड लावता येतं. एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं किंवा जेएमबी५८५ चं पाच पोर्टांचं कार्ड घ्या. एका पोर्टाचे पाच करणाऱ्या मल्टिप्लायरची कार्डं टाळा. त्यात एक ड्राइव्ह अडखळला की सगळे थांबतात.

यानंतर बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग. साटा कंट्रोलर एएचसीआय नावाच्या मोडमध्ये हवा, आणि रॅकला गेलेल्या प्रत्येक पोर्टासमोर हॉट प्लग (मशीन चालू असताना ड्राइव्ह जोडू देणारी सोय) चालू करायला हवं. बहुतेक बोर्डांवर ते मुळात बंद असतं. ते बंद ठेवून ड्राइव्ह घातला तर मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत दिसत नाही, आणि लोक रॅक परत करायला दुकानात जातात.

विंडोजमध्ये एक गोष्ट नक्की बंद करा: फास्ट स्टार्टअप. ती चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर लिहिला जातो, आणि त्यात जोडलेल्या ड्राइव्हची माहितीही असते. अशा शट डाउननंतर तुम्ही ड्राइव्ह काढलात, दुसऱ्या मशीनवर त्यात फायली टाकल्यात आणि परत घातलात, की विंडोज जुनीच नोंद खरी धरून चालतं. फायली गायब होतात किंवा फोल्डर खराब होतात. काढत्या-घालत्या ड्राइव्हवर डेटा जाण्याचं हे सर्वात फसवं कारण आहे, कारण माणसाने तर मशीन नीट बंद करूनच ड्राइव्ह काढलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर ही खूण असते, ती काढून टाका.

चालू मशीनमधून ड्राइव्ह काढताना आधी टास्कबारवरच्या चिन्हातून इजेक्ट करा. तिथे तो दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कला ऑफलाइन करा. हार्ड डिस्क असेल तर लगेच ओढू नका. खटका उघडून ट्रे सेंटीमीटरभर पुढे घ्या, म्हणजे जोड सुटतो, आणि आतली तबकडी थांबेपर्यंत पंधरा-वीस सेकंद तशीच राहू द्या. फिरती डिस्क हातात तिरकी करणं तिला सोसत नाही.

बॅकअपचे दोन-तीन ड्राइव्ह आळीपाळीने लावणार असाल तर सगळ्यांना एकच अक्षर द्या, समजा एक्स. एका वेळी एकच आत असेल आणि त्याचं अक्षर तेच असेल तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरची वाट बदलत नाही. मात्र हे ड्राइव्ह एकमेकांची क्लोन कॉपी असतील तर दोन्ही एकदम घालू नका. दोघांची ओळखखूण एकच असल्याने विंडोज दुसऱ्याला ऑफलाइन ठेवतं. ड्राइव्ह बिघडला असं समजून फॉरमॅट करणारे इथेच फसतात.

बिघाड शोधायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर पुरतं. त्यातले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, ते आधी दशमानात करून घ्या; नोंदींचे क्रमांक मात्र हेक्साडेसिमलमध्येच राहतात, ते पुढे कंसात दिले आहेत. १९९ (सी७) क्रमांकाची सीआरसी चुकांची, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याची, नोंद वाढत असेल तर दोष डेटा केबलचा किंवा बॅकप्लेनच्या जोडाचा. ड्राइव्ह मधूनच गायब होऊन परत येत असेल आणि १२ (०सी) क्रमांकाची पॉवर सायकलची नोंद मशीन चालू असतानाच वाढत असेल तर दोष पॉवरचा. ड्राइव्ह दुसऱ्या खणात घालून बघा. चूक ड्राइव्हबरोबर गेली तर ड्राइव्हची, खणातच राहिली तर रॅकची. हार्ड डिस्क असेल तर १९३ (सी१) क्रमांकाकडेही लक्ष असू द्या. लॅपटॉपच्या डिस्क वीज वाचवायला थोड्या थोड्या वेळाने हेड बाजूला नेऊन ठेवतात; दिवसभर चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये हा आकडा भराभर चढतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एपीएमची, म्हणजे डिस्कच्या वीजबचतीच्या सेटिंगची, पातळी वर नेली की तो थांबतो, अर्थात डिस्क ती सोय देत असेल तर.

रॅकमागचे ४० मिमीचे पंखे ही या जातीतली उणी बाजू. आकार लहान असल्याने ते जोरात फिरतात आणि त्यांची शिट्टीसारखी घरघर शांत खोलीत जाणवते. आत फक्त एसएसडी असतील तर पंख्याचा वेग सर्वात कमी ठेवा, किंवा तशी सोय असेल तर बंदच करा. चार हार्ड डिस्क एकमेकींना चिकटून चालत असतील तर पंखा हवाच. आपल्याकडच्या धुळीत दर दोन-तीन महिन्यांनी तो ब्रशने साफ करावा लागतो. कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर बॅकप्लेनचे जोडही एकदा बघून घ्या.

कोणता ड्राइव्ह यात जाणार नाही, तेही सांगायला हवं. यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच असलेल्या पोर्टेबल डिस्क येतात. त्यांचं कवच फोडलं तरी आत साटाचा जोड निघत नाही. यू.२ चे (मुख्यतः सर्व्हरमधले) ड्राइव्ह दिसायला असेच, पण साटाच्या बॅकप्लेनमध्ये बसत नाहीत. फार जुन्या लॅपटॉपच्या ४४ पिनांच्या आयडीई (साटाच्या आधीच्या जोडाच्या) डिस्कसाठी वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो, रॅकमध्ये तिचं काम नाही.

आणि कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी एसएसडीपेक्षा हार्ड डिस्कच घ्या. आयुष्य संपत आलेल्या सामान्य एसएसडीने बिनविजेचा, ३० अंश सेल्सिअसला, एक वर्ष डेटा धरून ठेवावा एवढीच जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद कपाट त्याहून बरंच तापतं. मोठ्या अडीच इंची हार्ड डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) असतात, त्यामुळे शेकडो जीबी सलग लिहिताना वेग मध्येच कोसळतो. तो बिघाड नाही, पण बॅकअप रात्री लावावा, आणि अशा डिस्कचा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच) मात्र करू नये.